शोभेच्या झाडाच्या बुंध्यावर छत्रीसारखी बुरशी आली आहे आणि शेंडे वाळत आहेत; नेमके कारण कसे ओळखावे?
बुंध्याशी दिसणारी तपकिरी, लाकडासारखी कठीण छत्री बहुधा गॅनोडर्मासारख्या लाकूड कुजवणाऱ्या बुरशीची असते, आणि ती बाहेर दिसेपर्यंत आतली कूज बरीच पुढे गेलेली असते. त्यामुळे छत्री खरवडून किंवा वर बुरशीनाशक फवारून काही साधत नाही. मात्र शेंडे वाळण्याचे मूळ कारण तीच आहे, असे लगेच धरून चालू नये. आधी बुंध्याभोवतीची माती हाताने बाजूला करावी: खोड जमिनीपाशी पसरट न होता खांबासारखे सरळ आत जात असेल, तर झाड फार खोल लावले गेले आहे किंवा नंतर मातीची भर पडली आहे, आणि खोडाला आवळणारे मूळ असेल तर तेही तिथेच सापडते. माझ्या मते निम्मे निदान या खड्ड्यातच होते. बुंध्याच्या सालीखाली पांढरा, पंख्यासारखा पसरलेला थर दिसला आणि अळंबीसारखा वास आला, तर आर्मिलारिया या मुळे कुजवणाऱ्या बुरशीचा संशय घ्यावा. वाळल्यासारखी वाटणारी फांदी नखाने खरवडावी. आत हिरवा ओलावा असेल, तर ती जिवंत आहे. लाकडी हातोडीने ठोकल्यावर खोड पोकळ वाजले आणि झाडाखाली माणसांची ये-जा असेल, तर औषधांचा विचार बाजूला ठेवून वृक्षतज्ज्ञाकडून झाडाची मजबुती तपासून घ्यावी.