मुलीच्या दाखल्यावर माजी नवऱ्याचं नाव

प्रश्न : मी सांगलीत राहते, खासगी नोकरी करते. 2019 मध्ये परस्परसंमतीनं घटस्फोट झाला. मूल हवं होतं, पुन्हा लग्न नको होतं. म्हणून 2022 मध्ये दात्याचे शुक्राणू घेऊन आयव्हीएफ केलं आणि डिसेंबरमध्ये मुलगी झाली. माझ्या आधारवर जुन्या नवऱ्याचं नाव तसंच राहिलं होतं. रुग्णालयातल्या कारकुनानं जन्माच्या फॉर्मवर वडील म्हणून तेच लिहिलं आणि मी न वाचता सही केली. आता मुलीचा पासपोर्ट काढायचा तर त्यांची संमती मागतात. त्यांनी दुसरं लग्न केलंय, त्यांच्या घरी या दाखल्यावरून भांडण पेटलंय. आई म्हणते, ‘असू दे, पोरीला बापाचं नाव तर मिळालं.’ काय करू? आणि मुलीला हे सगळं कधी सांगावं?

उत्तर : ताई, आईंचा जीव नातीसाठी तुटतोय हे समजतं, पण त्यांचा सल्ला ऐकू नका. दाखल्यावर वडिलांचा रकाना रिकामा असला तर मुलीचं कायद्यानं काहीच बिघडत नाही. खोटं नाव मात्र आयुष्यभर आडवं येईल. कागदोपत्री ते गृहस्थ तिचे वडील, म्हणजे पासपोर्टला त्यांची सही. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर पालक म्हणून पहिली विचारणाही त्यांच्याकडेच होणार. शिवाय त्यांच्या मिळकतीचा वाद निघाला की तुमच्या मुलीचं नाव विनाकारण कोर्टात ओढलं जाणार. आजवर झाली ती चूक म्हणता येईल. सत्य माहीत असताना यापुढे प्रत्येक अर्जावर तेच नाव लिहिलंत, तर ते खोटं निवेदन ठरतं.

तुमची बाजू भक्कम आहे. घटस्फोटानंतर 280 दिवसांच्या आत मूल झालं आणि आईनं पुन्हा लग्न केलेलं नसलं, तर कायदा ते पूर्वीच्या पतीचं मानतो. हे गृहीतक जुन्या पुराव्याच्या कायद्यात कलम 112 मध्ये होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 116 मध्ये आहे. तुमची मुलगी त्या मुदतीच्या कितीतरी नंतरची. त्यामुळे घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत हाच तुमचा सर्वांत मोठा पुरावा आहे. डीएनए चाचणीपर्यंत जायचं कारण दिसत नाही.

उपचारांबद्दलही मनात भीती नको. सहायक प्रजनन तंत्रज्ञानाचा 2021 चा कायदा 25 जानेवारी 2022 पासून लागू झाला आणि 21 वर्षांवरच्या, 50 च्या आतल्या एकट्या स्त्रीला त्यानं हे उपचार खुले ठेवले. (सरोगसीच्या कायद्यात मात्र अविवाहित स्त्रीला दार बंद आहे, फक्त विधवा आणि घटस्फोटितेला वाट आहे. हा भेद मला आजही पटत नाही.) दात्याचा मुलावर कसलाही पालकत्वाचा हक्क राहत नाही, हे त्याच कायद्याच्या कलम 31 मध्ये स्पष्ट लिहिलंय.

आता दुरुस्ती. आधी तुमचं आधार बदलून घ्या, नाहीतर पुढच्या कार्यालयात हाच गोंधळ पुन्हा होईल. मग जिथे जन्माची नोंद झाली तिथल्या निबंधकाकडे जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम 15 खाली अर्ज करा. ही नुसती स्पेलिंगची चूक नाही, नोंदीचा आशयच चुकलाय. म्हणून खरी हकीकत माहीत असलेल्या दोन विश्वासार्ह व्यक्तींचं निवेदन लागेल. तुमचे डॉक्टर आणि भाऊ चालतील. सोबत हुकूमनामा, तुमचं प्रतिज्ञापत्र आणि उपचार तुमच्या एकटीच्या संमतीनं झाले असं क्लिनिकचं पत्र जोडा. मूळ कागदपत्रांची फाइल कुणाच्याही टेबलावर ठेवून येऊ नका. मूळ नोंद खोडली जात नाही, समासात दुरुस्ती होते. पण नवा दाखला वडिलांचा रकाना कोरा ठेवूनच द्यावा, असं अर्जात शब्दशः मागा.

‘असं करता येत नाही’ हे उत्तर बहुतेक मिळेलच. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचा ‘एबीसी विरुद्ध दिल्ली राज्य’ हा जुलै 2015 चा निकाल पुढे करा. एकल पालक किंवा अविवाहित आई जन्मदाखला मागायला आली तर तिच्याकडून फक्त प्रतिज्ञापत्र घ्यावं, असं त्यात बजावलंय. तुमच्यासारखंच एक प्रकरण 2018 मध्ये मद्रास उच्च न्यायालयात गेलं होतं. घटस्फोटित आई, दात्यापासून झालेली मुलगी, आणि उपचारांच्या वेळी मदत केलेल्या एका गृहस्थाचं नाव वडील म्हणून दाखल्यावर. न्यायालयानं ते काढून रकाना कोरा ठेवायला लावला. आयव्हीएफ करून घेतलेल्या एकट्या आईला पित्याचं नाव विचारणाऱ्या फॉर्मवर केरळ उच्च न्यायालयानं 2021 मध्ये बोट ठेवलं आणि अशा आयांसाठी वेगळा फॉर्म करायला सांगितलं. लेखी नकार आला तर उच्च न्यायालयात रिट याचिका करा. ऑगस्ट 2025 पासून सांगलीकरांना त्यासाठी मुंबई गाठायला नको, उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे.

माजी पतीशी भांडू नका, या एका बाबतीत तुमचा दोघांचा स्वार्थ एकच आहे. त्यांचं नोटरी केलेलं ना-हरकत पत्र मिळालं तर काम हलकं होईल. मात्र त्यात ‘मी हक्क सोडतो’ असं लिहू देऊ नका. सोडायला हक्क मुळात नव्हताच. ‘माझा या जन्माशी संबंध नाही’ एवढंच हवं. दाखला बदलला की पासपोर्टला तुमचं एकल पालकाचं घोषणापत्र पुरतं. पॅनसाठीही डिसेंबर 2018 पासून अशा मुलांना वडिलांच्या नावाची सक्ती नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण एक काम याहून निकडीचं आहे. सहायक प्रजनन कायद्याचं कलम 31 मुलाचे हक्क सांगताना ‘दांपत्य’ एवढंच म्हणतं, एकट्या आईचा तिथे उल्लेख नाही. त्यामुळे तुम्ही हिंदू असाल तर विवाहबाह्य अपत्याच्या जुन्या तरतुदींचा आधार घ्यावा लागतो. त्यांनुसार नैसर्गिक पालक तुम्हीच, आणि तुमची वारस मुलगी. पण हिंदू वारसा कायदा अशा मुलाचं नातं आईशी आणि भावंडांशी जोडतो, आजोबांशी नाही. तुमच्या वडिलांच्या आधी तुम्ही गेलात, तर त्यांच्या जमिनीतल्या तुमच्या वाट्यावर नातवंडाचा हक्क वादात सापडेल. म्हणून वडिलांना नातीच्या नावानं मृत्युपत्र करायला सांगा. तुमचंही करा, त्यात पालक नेमा. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम 9 नं आईला तो अधिकार दिलाय. ज्याला नेमणार त्याला आधी विचारा.

मुलीला कधी सांगायचं हा माझ्या विषयाबाहेरचा प्रश्न, तरी टाळत नाही. केंब्रिज विद्यापीठात सुझन गोलॉम्बोक यांनी अशा कुटुंबांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. एकट्या आयांची ही मुलं दोन पालकांच्या घरातल्या मुलांइतकीच ठीक वाढतात; आईची पैशांची ओढाताण आणि ताण मात्र मुलांना जाणवतो, असं त्यांना आढळलं. सात वर्षांच्या आत सांगितलेल्या घरांत पुढे आई-मुलाचं नातं अधिक चांगलं दिसलं. तेव्हा आत्तापासून, गोष्टीतून, थोडं थोडं सांगत जा. शेजारीण किंवा चुलतभाऊ आधी बोलून बसण्यापेक्षा ते बरं.

क्लिनिकला आणि शुक्राणू बँकेला नोंदी किमान 10 वर्षं जपाव्या लागतात, नंतर त्या राष्ट्रीय नोंदवहीकडे जातात. दात्याची ओळख तुम्हाला मिळणार नाही. पण रक्तगट, तपासण्यांचे निकाल अशी ओळख न उघडणारी वैद्यकीय माहिती आजच लेखी मागून ठेवा. शाळेला मात्र यातलं काहीही दाखवायची गरज नाही. प्रवेशाला जन्मदाखला द्या, आणि मुलीच्या नावात मधे तुमचं नाव लिहा.