आधी आजी ओवाळेल

प्रश्न : काकू, पुढच्या महिन्यात माझा मुलगा पाच वर्षांचा होईल. आमच्या सोसायटीत मुलांचे वाढदिवस हॉलमध्येच होतात. फुग्यांची कमान, जादूगार, रिटर्न गिफ्ट, सगळं असतं. यंदा घरीच करायचं मी ठरवलंय, पण घरात एकमत नाही. सासूबाई म्हणतात वाढदिवस तिथीने करावा आणि मेणबत्त्या विझवू नयेत. नवऱ्याला केक हवाच. माझ्या माहेरी वाढदिवस म्हणजे नवा फ्रॉक आणि शाळेत वाटायला चॉकलेटं, त्यामुळे औक्षणाला काय काय लागतं तेही मला नीट माहीत नाही. सासरे गेल्यापासून सासूबाई सगळी तयारी करून देतात, पण ओवाळायला पुढे येत नाहीत. शेजारच्या काकूंना बोलव म्हणतात.
— एक वाचक, पिंपरी-चिंचवड

उत्तर : तिथीचं आणि केकचं सांगतेच, पण तुझ्या पत्राच्या शेवटी जे आलंय ते मला आधी घ्यायचंय. आजीने नातवाला ओवाळायचं नाही, हे मला अजिबात मान्य नाही. औक्षण म्हणजे लेकराला उदंड आयुष्य मागायचं. ज्या बाईने त्याला न्हाऊमाखू घातलं, त्याच्या तापात रात्री जागून काढल्या, ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहणार आणि लिफ्टमध्ये कधीमधी भेटणारी शेजारीण ओवाळणार? शिरोळ तालुक्यातलं हेरवाड आमच्या मिरजेहून फार लांब नाही. तिथल्या ग्रामसभेने मे 2022 मध्ये विधवांचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र-जोडवी काढायची नाहीत, असा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. एक अख्खं गाव हे करू शकलं, तर तुमच्या घराला काहीच अवघड नाही.

मात्र चार पाहुण्यांसमोर त्यांना आग्रह करू नकोस. त्यांना संकोच वाटेल आणि त्या अजून मागे सरतील. औक्षण सकाळी, अंघोळीनंतर, घरच्या घरी कर. पोराला सांग, आजीला हात धरून घेऊन ये. माझे वडील गेल्यावर माझ्या आईनेही असंच तबक सोडलं होतं. माझ्या मुलीच्या वाढदिवसाला माझ्या थोरल्या जाऊबाईंनी ते तिच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, “मावशी, आधी तुम्ही. मग आम्ही.” आईचा हात इतका थरथरत होता की जाऊबाईंनी खालून आधार दिला. पुढच्या वर्षी मात्र आम्ही उठायच्या आत तिने वाती वळून ठेवल्या होत्या! सासूबाई एवढ्यालाही तयार झाल्या नाहीत, तर यंदा त्यांनी नुसत्या अक्षता टाकाव्यात, तबक तू धर.

आता तयारीचं. पाटाभोवती रांगोळी काढ, मुलाला पूर्वेकडे तोंड करून बसव, डोक्यावर टोपी दे. तबकात तुपाचं निरांजन, हळदकुंकू, अक्षता, सुपारी, सोन्याची अंगठी आणि तोंड गोड करायला पेढा. कुंकू लावून अक्षता टाकायच्या, सुपारी आणि अंगठी ओवाळायची, मग निरांजन. आईने, आत्याने, मावशीने, घरी कामाला येणाऱ्या ताईंनीही ओवाळावं. बाबाने ओवाळलं तर उत्तमच. मुलांचे आजचे कपडे पुष्कळदा सिंथेटिक असतात आणि पाच वर्षांचं पोर पाटावर स्थिर बसत नाही, म्हणून ज्योत हातभर लांबच ठेवा. गॅसचे फुगे त्या खोलीत नकोत, त्यांत हायड्रोजन असला तर भडका उडतो.

काही घरांत तांदळावर सात सुपाऱ्या मांडून सप्तचिरंजीवांची पूजा करतात : अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृपाचार्य आणि परशुराम. मार्कंडेयाचं स्मरण करून तीळ-गूळ घातलेलं दूधही घोटभर देतात. सुपाऱ्या मुलालाच मांडू दे आणि आजीला एकेकाची गोष्ट सांगायला लाव. हनुमानापाशीच सकाळ संपेल, संपू दे.

तिथीवरून वाद घालायचं कारणच नाही. चांद्र वर्ष सुमारे 354 दिवसांचं, म्हणून तिथी दरवर्षी तारखेच्या अकराएक दिवस अलीकडे सरकते आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे जाते. दर 19 वर्षांनी दोन्हींचा मेळ बसतो, म्हणजे तुझ्या मुलाच्या एकोणिसाव्या वाढदिवसाला तिथी आणि तारीख एकाच दिवशी किंवा फार तर एका दिवसाच्या फरकाने येईल. तोवर तिथीला औक्षण आणि खीर, तारखेला मित्र आणि केक. केकवर मेणबत्त्या लावायच्याच असतील तर फुंकू नका, बाजूला काढून जळू द्या. फुंकलेला केक दुसऱ्यांच्या मुलांना खायला देणं मला तसंही आवडत नाही.

आमच्याकडे गोड म्हणजे खपली गव्हाची खीर, सीमेकडे तिला हुग्गी म्हणतात. सडलेले, म्हणजे कांडून साल काढलेले गहू रात्री भिजत घाल, सकाळी कुकरमध्ये मऊ शिजव. वाटीभर गव्हाला सव्वा वाटी गूळ, भाजलेली खसखस, सुकं खोबरं, जायफळ. दूध पानात वाढताना घाल, गुळाबरोबर उकळलंस तर फाटेल. वर तूप सढळ हाताने. खोबरं किसायला मुलाच्या बाबाला बसव.

रिटर्न गिफ्टचं ओझं घेऊ नकोस. आलेल्या प्रत्येक मुलाला खिरीची वाटी आणि कुंडीतलं एखादं रोप पुरे.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलीच्या वाढदिवसाची तिथी भारतातल्या कालनिर्णयात बघितली तर चालेल का?

उत्तर : तिथी सूर्योदयाला असेल ती धरतात, आणि तो सूर्योदय तुम्ही राहता तिथला. तिकडे सूर्य आपल्यानंतर नऊ-दहा तासांनी उगवतो, तोवर इथली तिथी कधी कधी संपलेली असते. त्यामुळे एका दिवसाचा फरक पडू शकतो. तुमच्या शहराचं पंचांग बघा. सकाळी आठला औक्षण ठेवलंत तर इकडे संध्याकाळ असते, आजी-आजोबांना फोनवर निवांत बघता येईल. निरांजनाची अडचण नाही, पण धूप-उदबत्ती धुराच्या अलार्मपासून लांब लावा.