वाचकांचे प्रश्न : कोरियन मालिकांचा नाद

प्रश्न : स. न. वि. वि. मी सेलू (जि. परभणी) येथे राहते, वय ४७. थोरली मुलगी नीटच्या तयारीसाठी लातूरला असते. दिवाळीत ती घरी आली तेव्हा तिने मला ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’ ही कोरियन मालिका लावून दिली. ती परत गेली, पण माझे पाहणे काही थांबले नाही. एक मालिका संपली की दुसरी सुरू होते. भाकरी थापताना मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवते आणि रात्री सगळे झोपले की कानात इअरफोन घालून दोन-दोन वाजेपर्यंत पाहत बसते. सकाळी डोके जड होते; सासूबाईंच्या औषधाची वेळही मध्यंतरी चुकली. यजमानांची मोंढ्यात आडत आहे. माणूस म्हणून ते चांगले आहेत, परंतु अलीकडे त्यांचे बोलणे मला रुक्ष वाटू लागले आहे आणि तसे वाटते याची लाजही वाटते. हा मानसिक आजार आहे का? मालिका कायमच्या बंद कराव्यात का?

उत्तर : आधी आजाराविषयी. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची नवी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली असून तिच्यात व्हिडिओ गेमच्या व्यसनाची नोंद आहे. मालिका पाहण्याची स्वतंत्र नोंद नाही. तेव्हा तो शब्द तूर्त मनातून काढून टाका. मात्र झोप जाणे आणि औषधाची वेळ चुकणे या दोन गोष्टी आजार नसतानाही गंभीर आहेत, आणि त्यांचे कारण मालिकांच्या बांधणीत बरेचसे सापडते.

तुम्ही पाहिलेली मालिका कोरियात डिसेंबर २०१९ ते फेब्रुवारी २०२० या काळात शनिवार-रविवारी प्रसारित होत होती. तिचे भाग सोळा. तिथल्या बऱ्याच मालिकांचा शिरस्ता असाच असतो : आठवड्यातून दोन दिवस, प्रत्येकी तासाभराचा किंवा त्याहून मोठा एकेक भाग. रविवारचा भाग संपल्यावर प्रेक्षकाला पुढच्या शनिवारपर्यंत धरून ठेवायचे असते, म्हणून शेवटच्या दोन-तीन मिनिटांत लेखक आपली सगळी शक्ती पणाला लावतो. नायक दारात येऊन उभा राहतो, नायिका वळून पाहते, गाणे सुरू होते आणि चित्र थांबते. पाच दिवस पुरावी म्हणून वाढलेली ही उत्सुकता तुम्ही रात्री एक वाजता अनुभवता, आणि पुढचा भाग काही सेकंदांत आपोआप सुरू होतो. अशा वेळी मोबाईल बाजूला ठेवणे भल्याभल्यांना जमत नाही. मनोनिग्रह कमी पडला म्हणून स्वतःला बोल लावत बसण्यात अर्थ नाही.

म्हणून मालिका बंद करू नका, तिला तिची मूळ चाल परत द्या. शनिवारी एक भाग, रविवारी एक भाग. इतका धीर निघत नसेल तर निदान भागाच्या शेवटी थांबण्याचा हट्ट सोडा आणि मध्येच, जिथे सगळे जेवायला बसले आहेत किंवा नायिकेची मैत्रीण काही गमतीचे बोलते आहे, अशा निवांत प्रसंगी थांबा. गळ शेवटाला लावलेला असतो, मधल्या भागातून सुटका सोपी असते. पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय खात्याच्या सेटिंगमधून बंद करता येते, ती मुलीकडून फोनवर समजून घ्या. इअरफोन रात्री स्वयंपाकघरातच राहू द्या. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप लागते, आणि पहाटे उठणाऱ्या घरात त्याचा अर्थ दहाच्या सुमारास अंथरूण धरणे असाच होतो. सासूबाईंच्या औषधासाठी मोबाईलमध्येच गजर लावा. त्यानेही घरच्या उपयोगी पडावे.

आता यजमानांविषयी. या मालिका आपल्याकडच्या बायकांना इतक्या जवळच्या का वाटतात, हे पाहिले तर आश्चर्य वाटत नाही. लग्नाला आडवी येणारी आई, वडीलधाऱ्यांपुढे खाली गेलेली मान, एकत्र जेवणे, आजारी माणसासाठी कोणीतरी रांधून आणणे : हे सारे परभणीतही ओळखीचे आहे. नवे आहे ते एवढेच की तिथला नायक ऐकून घेतो. नायिका बोलते तेव्हा कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर थांबतो आणि तो मध्ये बोलत नाही. पण हा नायक घडवला कोणी? कोरियन प्रेममालिका लिहिणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी आहे. तुम्ही पाहिलेली मालिकाही पार्क जी-उन या लेखिकेची आहे. बाईला काय ऐकून घ्यावेसे वाटते हे जाणणाऱ्या बाईने तो पुरुष लिहिला आहे, आणि दिवसभर हमाल-मापाड्यांशी घसा कोरडा करून आलेल्या आडत्याला लिहून देणारे कोणी नाही. खुद्द त्या देशात २०२३ साली जननदर (एका स्त्रीमागे सरासरी मुले) ०.७२ इतका, म्हणजे जगातला नीचांकी होता. घरांचे भाव, कामाचे लांबलचक तास आणि घरकामाचा बायकांवर पडणारा भार ही त्याची कारणे सांगितली जातात. पडद्यावरचे नवरे तिथेही सहजी मिळत नाहीत.

तरीही तुमची अपेक्षा गैर नाही आणि तिची लाज वाटण्याचे कारण नाही. रात्री जेवण झाल्यावर यजमानांना थोडा वेळ मागा, आणि तो हिशेबाचा किंवा मुलीच्या फीचा नसावा. चांगल्या माणसाला बऱ्याचदा सांगावे लागते. मालिकेचा एखादा भाग सोबत पाहायला बोलावले तरी चालेल. पहिल्या पंधरा मिनिटांत ते घोरू लागले तर मात्र मालिकेतल्या नायकाशी तुलना करू नका. झोप सुधारल्यावरही उदासी राहिली किंवा कशातच मन लागेनासे झाले, तर फोनवरून मानसिक आरोग्याचा सल्ला देणाऱ्या शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे.

प्रश्न : माझी अकरावीतली मुलगी या मालिकांच्या नादाने कोरियन लिपी गिरवते. याचा काही उपयोग आहे की नुसते वेड? — एक पालक, जालना

उत्तर : उपयोग आहे, वेड असले तरी. राजा सेजोंग याच्या काळात १४४६ साली जाहीर झालेली ही लिपी मुळात २८ अक्षरांची होती, आज तिची २४ मूळ अक्षरे वापरात आहेत, आणि चिकाटी असेल तर लवकर येते. वाक्यात क्रियापद मराठीसारखेच शेवटी येते. भाषेची टोपिक ही परीक्षा सहा स्तरांची असून भारतातही देता येते, आणि दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात कोरियन भाषेचा पदवी अभ्यासक्रम आहे. तुमच्या जालन्याहून संभाजीनगरकडे जाताना लागणाऱ्या शेंद्रा परिसरात ह्योसंग या कोरियन कंपनीचा धाग्याचा कारखाना आहे, पुण्याजवळ रांजणगाव आणि तळेगाव येथेही कोरियन कारखाने आहेत, आणि अशा ठिकाणी दोन्ही भाषा जाणणारे माणूस उपयोगी पडते. बारावी होईपर्यंत आठवड्यातले तीन-चार तास तिला यासाठी मोकळे ठेवा आणि वही अधूनमधून पाहत जा.