कॉलेजने आईस्क्रीम कशाला विकायचं?

प्रश्न: माझी भाची पेनसिल्व्हेनियाला शिकायला गेलीय. ती सांगते, तिथे युनिव्हर्सिटीचंच आईस्क्रीमचं दुकान आहे, बाहेर ही मोठी लाईन, आणि एका कोनात दोन फ्लेवर मागितले तर चक्क नाही म्हणाले! कॉलेजला हे धंदे कशाला हवेत?
– एक वाचक, दादर

उत्तर: ताई, भाची थापा मारत नाहीये. ती पेन स्टेट युनिव्हर्सिटीची क्रीमरी, म्हणजे दुधाचे पदार्थ करायची डेअरी, १८६५ पासूनची. मुळात ते शेतकी कॉलेज, आणि दुधाचं शिकवायचं तर गोठा लागणार, गोठा आला की सकाळ-संध्याकाळ दूध आलं, ते काय परीक्षा संपेपर्यंत थांबतंय होय? मग पोरांनी लोणी, चीज, आईस्क्रीम करायला शिकायचं आणि उरेल ते विकायचं. आपल्याकडे गावच्या डेअरीत फॅट बघून दुधाचा भाव देतात ना, तसं फॅट मोजायची सोपी टेस्ट १८९० मध्ये बॅबकॉक नावाच्या प्रोफेसरने विस्कॉन्सिन युनिव्हर्सिटीतच काढली. पाणी घालणाऱ्यांची पंचाईत झाली असणार!

पेन स्टेटने १८९२ मध्ये आईस्क्रीमचा छोटा कोर्स काढला, तो अजून दर जानेवारीत असतो, थंडीत. बेन अँड जेरीज ही आईस्क्रीमची कंपनी ऐकली असेल, त्या दोघा मित्रांनी याच युनिव्हर्सिटीचा पोस्टाने येणारा ५ डॉलरचा कोर्स केला आणि १९७८ मध्ये व्हरमाँटमधल्या एका जुन्या पेट्रोल पंपात दुकान टाकलं.

आता म्हणाल आईस्क्रीममध्ये शिकण्यासारखं काय एवढं. मी मागच्या मे महिन्यात हापूसचा रस, दूध, साखर सगळं डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवलं, सकाळी बघते तर दाताखाली नुसता बर्फ कचकचतोय. हळू गोठलं की बर्फाचे खडे मोठे होतात. आजोबांचा लाकडी पॉट आठवा, बाहेर बर्फ आणि खडेमीठ, आत सतत फिरणारा दांडा. मिठामुळे ते बर्फाचं पाणी शून्याच्याही खाली जातं, त्यामुळे मिश्रण पटकन गोठतं, आणि ढवळल्यामुळे खडे बारीक राहतात, थोडी हवा पण शिरते. फॅक्टरीतलं मशीन तेच करतं, फक्त हात दुखत नाहीत.

आणि दोन फ्लेवरचं म्हणाल तर तो तिथला जुना नियम आहे. लाईन पटपट सरकावी म्हणून असेल, असा माझा अंदाज. १९९६ मध्ये बिल क्लिंटन आले होते, फक्त त्यांना दोन मिळाले. तेव्हा भाची प्रेसिडेंट होईपर्यंत दोन कोन वेगवेगळेच घ्यायला सांगा.