बेस कुठे, किती उंच, कशावर? : जमीनमोजणीची प्रश्नोत्तरे

म्हापशाहून एक सर्वेक्षक : उपग्रहांच्या सिग्नलवरून (जीपीएससारख्या) मोजणाऱ्या यंत्राचा बेस, म्हणजे ट्रायपॉडवर स्थिर राहणारा भाग, एकाच जागी लावून दोन दिवस मोजणी केली. दोन्ही दिवसांचे नकाशे एकमेकांपासून दीड मीटर सरकलेले. यंत्र बिघडलं का?

यंत्र ठीक आहे. दुसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा ‘सध्याची जागा घ्या’ हे बटण दाबलं असणार. सुधारणेविना बेस स्वतःची जागा मीटर-दोन मीटरच्या अंदाजानेच सांगतो आणि रोव्हर, म्हणजे बिंदू मोजत फिरवायचा भाग, त्या अंदाजापासून सेंटिमीटरच्या नेमकेपणाने मोजतो. म्हणून प्रत्येक दिवसाचं काम आतून जुळतं, पण एकमेकांशी जुळत नाही.

चिऱ्यात किंवा काँक्रीटमध्ये खिळा ठोकून कायमची खूण करा. पहिल्या दिवशी तिच्यावर चार-पाच तास कच्च्या नोंदी घ्या आणि भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कॉर्स केंद्रांच्या (उपग्रहांच्या नोंदी सतत घेणाऱ्या कायम केंद्रांच्या) नोंदींशी त्या जोडा. जे निर्देशांक येतील तेच पुढे रोज हाताने भरा. गोवा यूटीएमच्या (पृथ्वीचे पट्टे पाडून निर्देशांक देणाऱ्या पद्धतीच्या) 43 उत्तर पट्ट्यात येतो, तेवढं कंट्रोलरमध्ये, म्हणजे यंत्र चालवायच्या हातातल्या संचात, बघून घ्या.

अँटेनाची उंचीही रोज नव्याने मोजा. धारबांदोड्याला एकदा मी आदल्या दिवशीचीच उंची राहू दिली. बारा सेंटिमीटरचा फरक, आणि तो प्रत्येक बिंदूत सारखाच, म्हणून संध्याकाळपर्यंत कुणाला संशयही आला नाही. आता मी सुरू करताना आणि आवरताना टेप लावतो, आणि टेप अँटेनाच्या तळापर्यंत नेला की कडेवरच्या खुणेपर्यंत, तेही वहीत लिहितो.

मडगाव : घराच्या गच्चीवर कायमचा बेस बसवायचा आहे. शेजारी पत्र्याचं छप्पर आणि चार माड आहेत.

माडांपेक्षा पत्र्याची धास्ती घ्या. माड सिग्नल अडवतो, ते निदान कळतं. पत्र्यावरून उसळून आलेला सिग्नल मात्र खरा वाटतो. अँटेना छपराच्या वर राहील अशी पक्क्या खांबावर बसवा आणि क्षितिजापासून 10-15 अंशांखालचे उपग्रह गाळा. पावसाळ्यापूर्वी वीजरोधक आणि अर्थिंग हवंच. खाऱ्या हवेत केबलचे जोड हिरवे पडतात, ते जलरोधक टेपने गुंडाळा.

केपे : चवथीनंतरच्या दिवसांत संध्याकाळी सातनंतर फिक्स (सेंटिमीटरचं पक्कं उत्तर) सुटून फ्लोट (अंदाजी उत्तर) येतो. असं का?

चुंबकीय विषुववृत्त केरळातल्या थुंब्याजवळून जातं; म्हणूनच 1963 साली तिथे रॉकेट-केंद्र उभं राहिलं. त्याच्या आसपासच्या पट्ट्यात सूर्यास्तानंतर आयनांबरात, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात, उलथापालथ होते आणि विषुवदिनाच्या सुमारास, म्हणजे मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात, ती जास्त असते. सिग्नल लुकलुकतो, यंत्र तो धरून ठेवू शकत नाही. बेस आणि रोव्हरमधलं अंतर कमी करून थोडाफार फरक पडेल, पण काम दुपारी संपवणं बरं.

मिरामार : किनाऱ्यावर उभा आहे आणि यंत्र उंची उणे दाखवतं!

ती उंची गणिती लंबगोलापासूनची आहे आणि आपल्याकडे समुद्रसपाटी त्याच्या बरीच खाली येते. कंट्रोलरमध्ये जिऑइड प्रतिमान (समुद्रसपाटी लंबगोलापासून कुठे किती खाली-वर आहे ते सांगणारं) भरा आणि जवळच्या तलचिन्हावर, म्हणजे उंची ठाऊक असलेल्या खुणेवर, पडताळा. भारताचं 1909 चं तलमापन नऊ बंदरांच्या समुद्रसपाटीवर बांधलं गेलं. त्यांत शेजारचं कारवार आहे. गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे होता.

दिवाडी : खाजन शेतात (भरतीचं पाणी बांधाने अडवलेल्या सखल शेतात) ट्रायपॉड खचतो.

मातीच्या बांधावर लावूच नका. मानशीचं (पाणी आत-बाहेर सोडायच्या दाराचं) चिऱ्याचं बांधकाम जवळ असेल तर त्यावर लावा, नाहीतर पायांखाली फळ्या घाला. पातळीचा बुडबुडा दर तासाला बघा.