वडिलांच्या होडीच्या गोष्टी खऱ्या मानाव्यात का?

प्रश्न : माझ्या वडिलांकडे दाभोळच्या खाडीत सोळा फुटी शिडाची होडी होती. बावीस वर्षे त्यांनी ती हौसेने राखली. ते गेल्यानंतर त्यांच्या गोष्टी नातवंडांसाठी लिहून काढाव्यात असे मनात आहे. परंतु कोजागिरीच्या मध्यरात्री तुडुंब भरलेल्या खाडीतून परतताना पाणी निळ्या उजेडाने पेटले होते, एका अष्टमीला भर दुपारी होडी वाळूच्या दांड्यावरून अलगद तरंगत गेली आणि एकदा तर मगरीने होडी खाडीत आत ओढत नेली, असे ते सांगत. यातले खरे किती? त्यांचे जुने शीड माळ्यावर पडून आहे, त्याचे काय करावे? – एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले, कारण एकोणीस वर्षे माझीही अशीच एक होडी होती आणि तिच्या गोष्टी सांगताना माझाही हात सैल सुटतो. तरीही होडीवाल्याच्या गोष्टीत तिथी आणि वारा आला की ती पडताळता येते, आणि तुमच्या वडिलांनी तिथ्या नेमक्या सांगितलेल्या आहेत.

आपल्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट केली की त्या दिवशीच्या पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. पौर्णिमेची पंधरावी तिथी धरली तर सव्वा अकरा येतात, म्हणजे कोजागिरीच्या मध्यरात्री खाडी भरलेली असणार, आणि पौर्णिमेची भरती उधाणाची असल्याने तुडुंब हा शब्दही योग्यच आहे. अष्टमीचा हिशेब मात्र सहा येतो. त्या दिवशी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, तर दुपारी बाराला ओहोटी, शिवाय अष्टमीला भांगाची भरती असल्याने पाणी एरवीपेक्षा कमीच चढते. दांड्यावरून होडी गेली असेल. पण ती संध्याकाळी किंवा वेगळ्या तिथीला. ही चूक दुरुस्त करू नका. वडिलांनी सांगितले तसेच लिहा आणि खाली हा हिशेब मांडा; मुले पुढची पौर्णिमा आली की स्वतः खाडीवर जाऊन पाहतील.

पाणी पेटण्याची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते, कारण ऐकणारा हिलाच थाप समजतो आणि ही खरी असते. समुद्राच्या पाण्यात डोळ्यांना एकेकटे जेमतेम दिसणारे काही जीव असतात, त्यांना नॉक्टिलुका म्हणतात. पाणी ढवळले की ते निळसर चमकतात. हिवाळ्यातील एका काळोख्या रात्री मी वल्हे उचलले तेव्हा त्याच्या पात्यावरून उजेडाचे थेंब ओघळत होते, आणि हात पाण्यात घालून बाहेर काढला तर बोटांच्या पेरांवर क्षणभर ठिणग्या राहिल्या. बराच वेळ होडीत कोणीही बोलले नाही. मात्र पौर्णिमेच्या चांदण्यात हा उजेड सहसा डोळ्यांत भरत नाही. म्हणजे वडिलांनी दोन वेगवेगळ्या रात्री पाहिल्या आणि पुढे सांगता सांगता त्यांची एक झाली. मला यात खोटेपणा दिसत नाही; त्यांच्या आयुष्यातील दोन सर्वांत सुंदर रात्री त्यांनी एकाच जागी ठेवल्या, एवढेच.

मगरीबद्दल थोडक्यात. दाभोळच्या खाडीला मिळणाऱ्या वाशिष्ठी नदीत मगरी आहेत, पण त्या वर चिपळूणच्या बाजूला. वारा पडलेला असताना भरती लागली की रिकामी होडी कोणी ओढल्यासारखी आपोआप खाडीत आत सरकते. ही गोष्ट नातवंडांना आहे तशीच सांगावी, तिची फोड करू नये.

ज्या गोष्टी वडिलांनी सांगितल्या नसतील, त्या अधिक शोधा. होडी वर्षातून किती दिवस पाण्यात आणि किती दिवस कामात असते, हे कोणी गोष्टीत सांगत नाही. पावसाळ्यात ती माडांखाली झापांनी झाकून ठेवायची, नारळी पौर्णिमेच्या आधी फळ्यांच्या सांध्यांतील जुना कापूस खरवडून नवा ठासायचा आणि बाहेरून काजूच्या टरफलांचे तेल लावायचे. त्या तेलाने माझ्या मनगटावर बिब्ब्यासारखे फोड उठत, आणि घरचे ते पाहून होडी विका म्हणत. अखेर गुडघे साथ देईनात तेव्हा मी ती विकली. नेणाऱ्या तरुणाने शीड चढवले आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर ती पहिल्याच फटक्यात वळली, हे पाहून मला अतिशय समाधान वाटले.

आता माळ्यावरच्या शिडाबद्दल. ते टाकू नका आणि साबणाने धुऊही नका. कोरड्या दिवशी अंगणात चटईवर उलगडा, सावलीत वारा लागू द्या, बुरशीचे काळे ठिपके असतील तर मऊ ब्रशने झाडा. मग त्याची ठिगळे मोजा. माझ्या शिडाला पाच होती. त्यांतले एक आईच्या जुन्या सोलापुरी चादरीचे, कारण शीड फाटले त्या दिवशी दुसरे कापड हाताशी नव्हते. वडिलांबरोबर होडीवर जाणारे कोणी सोबती अजून हयात असतील तर त्यांना त्या दिवशी चहाला बोलवा, एकेका ठिगळावर बोट ठेवून हे कधीचे, असे विचारा, आणि ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवून घ्या.