करिजिनीच्या डोहात उतरताना घाबरायचं कशाला?

प्रश्न : ताई, आम्ही पर्थला राहतो, जुलैच्या शाळेच्या सुट्टीत (इथला हिवाळा) तंबू घेऊन करिजिनी नॅशनल पार्कला चाललोय. मुलगी ९ वर्षांची आहे, पोहते छान. मला धास्ती मगरींची आणि सापांची, आणि ह्यांना काहीही करून हॅन्कॉक गॉर्ज ही तिथली चिंचोळी घळ करायचीय. नेऊ का लेकीला? — एक वाचक, पर्थ

उत्तर : मगरींचं टेन्शन आधी डोक्यातून काढा, त्या वर उत्तरेला किंबर्ली भागात, करिजिनीत नाहीत. ऑलिव्ह पायथन दिसू शकतो, बिनविषारी असतो, लांबून बघा आणि पुढे चला. खरं घाबरायचं ते गारठ्याला, आणि नेमकं तेच कुणी मनावर घेत नाही कारण वर जुलैत मस्त ऊन असतं, माणूस टी-शर्टवर फिरतो आणि तसाच खाली उतरतो. या घळी काही ठिकाणी १०० मीटर खोल आहेत आणि मध्येच इतक्या चिंचोळ्या होतात की तळाला ऊन जेमतेम थोडा वेळ पोचतं, त्यामुळे डोहाचं पाणी तापतच नाही. त्यात पाण्यात शरीराची उष्णता हवेपेक्षा कितीतरी पट लवकर जाते, आणि मुलांची तर आपल्यापेक्षाही लवकर. ओठ निळे पडले, दात वाजायला लागले की ‘अजून एकदाच उडी’ वगैरे ऐकायचं नाही, बाहेर काढायचं, कोरडे कपडे घालायचे. पातळ वेटसूट (पाण्यात ऊब टिकवणारा रबरी पोशाख) नक्की घ्या, पाणी न शिरणाऱ्या ड्राय बॅगेत टॉवेल आणि जॅकेट घ्या.

हॅन्कॉकबद्दल माझं स्पष्ट मत, लेकीला या वेळी नको. शिडी उतरायची, मग थंड पाण्यातून जायचं, मग स्पायडर वॉक म्हणजे दोन्ही हात दोन्ही पाय दोन भिंतींना टेकवत सरकायचं, आणि तो लोखंडी दगड ओला झाला की साबणासारखा निसरडा. मोठ्यांनी करावं, अप्रतिम आहे, पण अंग गारठलं की पकडही सुटते आणि तिथून परतीची वाट तीच! तुमच्या ह्यांना दुपारी ऊन डोक्यावर असताना जाऊ द्या, पायात चांगली ग्रिप असलेले बूट हवेत, केर्मिट्स पूल या डोहाच्या पुढे मात्र नाही, तिथून पुढे दोर आणि गाईडचं काम. आणि लांब कुठे पाऊस दिसला तरी त्या दिवशी कुठल्याच घळीत उतरू नका, २००४ मध्ये याच हॅन्कॉकमध्ये अचानक आलेल्या लोंढ्यात बचावाला गेलेला स्वयंसेवकच वाहून गेला.

तुमच्या लेकीसाठी डेल्स गॉर्ज. पायऱ्या उतरून फॉर्टेस्क्यू धबधबा, तिथून थोडं वर फर्न पूल. फर्न पूल मूळ रहिवाशांसाठी पवित्र आहे, तेव्हा आरडाओरडा नको, वरून उड्या नकोत. कॅम्पग्राउंडही तिथून जवळच आहे, बुकिंग आधीच करा, जुलैत जागा मिळणं कठीण.

बाकी पटापट : शेकोटी चालत नाही, गॅस न्या. रात्री कडाक्याची थंडी, उन्हाळी स्लीपिंग बॅग घेऊन गेलात तर ह्यांच्याशी भांडण ठरलेलं. बूट तंबूबाहेर ठेवू नका, डिंगो (तिथले रानकुत्रे) पळवतात. पार्कमध्ये पेट्रोल मिळत नाही, टॉम प्राइस गावात टाकी फुल करा. पर्थहून अंतर साधारण १४०० किमी, एका दमात मारू नका, आणि अंधार पडला की गाडी थांबवा, रस्त्यात कांगारू आणि गुरं येतात, शिवाय ५० मीटरहून लांब रोड ट्रेन, म्हणजे मागे अनेक ट्रेलर जोडलेले ट्रक.

प्रश्न : जवळच विटनूम नावाचं ओस पडलेलं गाव आहे म्हणे, तिथली घळही सुंदर आहे. जाता जाता फोटो काढून यावं का? — तेच वाचक

उत्तर : नाही. तिथे निळ्या ॲस्बेस्टॉसची खाण होती, १९६६ ला बंद झाली, पण तिचा लाखो टन कचरा अजून त्याच घळीत पडून आहे आणि पाण्यासोबत खाली पसरतो. ते तंतू डोळ्यांना दिसत नाहीत, फुफ्फुसात गेले की कॅन्सर काही दशकांनी उगवतो. गावाचा दर्जाच सरकारने २००७ ला काढून घेतला. फोटोसाठी हॅमर्सली गॉर्जला जा, तिथल्या भिंतींवर दगडाच्या वळ्या बघून लेक खूश होईल.